वजन उतरवून या

माझ्या आईला कुणी कधी गरीब मानलं नाही. तिच्या अंगाकडं बघून लोक आधीच निकाल देऊन टाकायचे. लॉकडाऊनमध्ये आमच्या पेठेतल्या एका मंडळानं धान्याच्या पिशव्या वाटल्या होत्या. तेव्हा ती अजून जिना उतरायची, धापा टाकत का होईना. आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो. पिशव्या देणाऱ्या माणसानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसत म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला रांगेत? तुम्ही तर खात्यापित्या घरच्या दिसताय की!"

रांगेतल्या बायका हसल्या. आईपण हसली.

"व्हय बाबा," ती म्हणाली, "खाऊनच अशी झालोय."

पिशवी घेऊन ती घराकडं निघाली. जिन्याच्या तळाशी पोचल्यावर पहिल्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी माझ्याकडं दिली. "तू जा वर. मी येतो सावकाश."

वर येऊन मी पिशवी उघडली. तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, तेल, चहापूड. जे खाऊन आई अशी झाली होती तेच सगळं त्या पिशवीत होतं.

आई चंदगडकडची. डोंगरातलं, पावसानं झोडपून काढलेलं तिचं गाव. तिकडं भात पिकतो, नाचणी पिकते, काजू होतो. पण तिच्या बापाच्या वाट्याला आलेला तुकडा एवढासा की दिवाळीला घरात आलेला भात उन्हाळ्यातच संपायचा. मग पावसाळाभर नाचणीची आंबील, कुळथाचं माडगं, रानातला पाला. लग्नाच्या फोटोत तिचा नुसता सांगाडा दिसतो. मनगटावर बांगड्या ढिल्या, गळ्याची हाडं वर आलेली, डोळे तेवढे मोठे. माझे दादा, म्हणजे वडील, कोल्हापुरात फौंड्रीत कामाला होते. त्यांनी तिला एस.टी.नं इथं आणलं आणि नदीकडच्या पेठेत माडीवरच्या दोन खोल्यांत संसार मांडला. खाली एक मुसलमान बाई शिवणकाम करायची. आईपेक्षा वयानं थोडी लहान. ती आईला अक्का म्हणायची, मी तिला चाची म्हणायचे.

कोल्हापुरात रविवारी मटण नसेल तर घरात कुणीतरी आजारी आहे असं समजतात. आमच्याकडंही रविवारी मटण व्हायचं. पावशेर मटण आणि पातेलंभर रस्सा. फोडी दादांच्या आणि माझ्या ताटात पडायच्या. आईच्या ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर रस्सा. ती म्हणायची, "मला फोडीपेक्षा रस्साच आवडतोय." मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं.

मी सहावीत असताना दादा छातीच्या दुखण्यानं गेले. फौंड्रीतली धूळ म्हणा, आणखी काय म्हणा. आईला शिवणटिपण येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. भाकरी मात्र तिची अशी व्हायची की तव्यावर टम्म फुगून उभी राहायची. स्टँडकडच्या एका खानावळीत तिला भाकऱ्या थापायचं काम मिळालं. दुपारच्या पंगतीला आणि संध्याकाळच्या पंगतीला ती चुलीपुढं पाटावर मांडी घालून बसायची ती शेवटचं गिऱ्हाईक हात धुवून जाईपर्यंत. डोंगर चढणारी बाई, दिवसभर एका पाटावर. मधे मधे चहा यायचा, भरपूर साखरेचा. चहाबरोबर बेकरीतला कडक बटर. त्यानं भूक मरते, कामात अडथळा येत नाही.

खानावळीची मालकीण मनानं चांगली होती. जाताना रोज डबा भरून द्यायची. मटण कधी उरत नसे. उरायचा तो रस्सा, त्याच्यावर तेलाचा बोटभर लालभडक कट, आणि भात, आणि कडेच्या करपलेल्या भाकऱ्या. कधी चरबीचे तुकडे, गिऱ्हाइकाच्या ताटात वाढायला नको म्हणून बाजूला काढलेले. आई ते कढवून ठेवायची आणि त्यातच दुसऱ्या दिवशीचा कांदा परतायची. तेल वाचायचं. भाकरी कुस्करायची, वर कट ओतायचा, बुक्कीनं कांदा फोडायचा. सांगते, त्या जेवणासारखं जेवण मी पुन्हा कुठं जेवलेली नाही. त्या डब्यावरच मी वाढले.

आणि चांगलीच वाढले. दादांच्या वर्षश्राद्धाला कोडोलीची आत्या आली होती. तिनं माझा दंड दाबून बघितला आणि सगळ्या पावण्यांसमोर म्हणाली, "पोर वाळली न्हाय हं! बाप न्हाय म्हणून काय कमी पडू दिलं न्हाईस." आईचा चेहरा असा उजळला की तो मला अजून दिसतो. त्या दिवसानंतर ती माझ्या ताटाकडं डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. मी अर्ध्यावर उठले की तिचा जीव कासावीस व्हायचा. "खा की गं. बापाविना पोर हाय म्हणून वाळली असं कुणी म्हणायला नगं."

शाळेत मला पोरी 'पैलवान' म्हणायच्या. आमच्या मागच्याच गल्लीत तालीम होती. तिथले पैलवान दूध, बदाम, थंडाई घेऊन अंग कमवायचे. मी ते चहा-बटर आणि रश्शावर कमावलं होतं. घामसुद्धा न गाळता. मी हे आईला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती भांडायला शाळेत गेली असती आणि तिला बघून पोरी आणखी हसल्या असत्या.

पुढं मी बी.कॉम. झाले आणि एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तिकिटं काढायच्या कामाला लागले. तिथंही बसूनच काम. लग्नाचं बघणं सुरू झालं. मुरगूडच्या एका घरातून चौघं आले. आईनं पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं, वडे, सगळं केलं होतं. आधी बघतात मग जेवतात, पण त्यांनी आधी जेवून घेतलं. मुलाची आई बोटं चाटत म्हणाली, "जेवण झकास हाय." मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, "मुलगीबी चांगली हाय. जरा अंगानं उतरू दे, मग बघू की पुढचं." आई त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेली. परत येऊन तिनं उरलेला भात एका पातेल्यात काढला आणि भांडी घासायला बसली. मी पुढच्या बघण्याला नको म्हणाले, त्याच्यापुढच्यालाही. मग विषयच निघेनासा झाला.

आईचे गुडघे कधी गेले ते नेमकं सांगता येणार नाही. आधी तिला पाटावरून उठताना कुणाचा तरी हात लागायला लागला. मग मालकिणीनं तिच्यासाठी ओटा उंच करून दिला, तर उभं राहून पाय सुजायला लागले. लॉकडाऊनमध्ये खानावळ बंद पडली ती पडलीच. उघडली तेव्हा तिथं दोन तरण्या बायका भाकऱ्या थापत होत्या. मालकीण स्वतः घरी आली, आईचा हात हातात घेऊन रडली, आणि म्हणाली, "घरी बसून चपात्या लाटून दे, मी माणूस पाठवतो न्यायला."

असा आईचा जिना सुटला. आमचा जिना म्हणजे लाकडाचा, उभा, एका वेळी एकच माणूस जाईल असा. वरच्या तोंडाशी तर खांदे आकसून घ्यावे लागायचे. धरायला दोर. चपात्यांचं पीठ वर यायचं, चपात्या खाली जायच्या. आईला खाली जायचं कारण उरलं नाही. संडास खाली होता, म्हणून मी मोरीत एक प्लास्टिकची कमोडची खुर्ची आणून ठेवली. सुरुवातीला तिला त्याची इतकी लाज वाटायची की मी कामावर गेल्याशिवाय ती तिथं जायची नाही. दिवसभर खिडकीशी बसून लाटायची आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची. "काय वो पावणं, कुठनं आलाय?" माणूस मान वर करून उत्तर द्यायचा. पेठेतल्या सगळ्या बातम्या तिला ठाऊक असायच्या, आणि तरी पेठेत तिचं पाऊल पडायचं नाही.

एकदा पाय इतका सुजला की दवाखान्यात नेणं भाग पडलं. ती जिना बसून उतरली, लहान मूल उतरतं तशी, एकेक पायरी. खाली चाचीनं रिक्षा थांबवून ठेवली होती. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाला, "मावशी, दोन्ही गुडघ्यांची गादी झिजलीय. हाडावर हाड घासतंय. बदलावे लागतील."

"मग बदला की," आई म्हणाली.

"या वजनात ऑपरेशन धोक्याचं आहे. साखरही वाढलीय. वजन उतरवून या, मग करू. योजनेत बसतंय, काळजी करू नका."

"कसं उतरवायचं वो?"

"खाणं कमी करा. आणि रोज सकाळी चाला."

आईनं स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. "ह्यांच्यावर?"

डॉक्टर हसला नाही. "कळतंय मला," तो म्हणाला. आणखी काही बोलणार होता, पण मागं रांग होती, आणि त्यानं आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं आहार सांगणारी एक मुलगी होती. हळू आवाजात, नीट समजावून सांगत होती. भात बंद. साखरेचा चहा बंद. कट, तळलेलं, बटर-खारी बंद. सकाळी एक फळ. जेवणाआधी वाटीभर काकडी-टोमॅटो. ताक, मोड आलेली कडधान्यं, अंड्यातलं पांढरं. आणि नाचणीची एक भाकरी.

"नाचणी?" आई एकदम जागी झाल्यासारखी झाली. "अगं, नाचणी खाऊनच वाढलो की मी! ती खायला लागू नये म्हणून तर बापानं हिकडं दिली मला."

ती मुलगी हसली. "आता परत सुरू करा, आजी."

येताना मी रिक्षा एका मोठ्या दुकानापुढं थांबवली. नाचणीचं पीठ काचेच्या कपाटात, चकचकीत पिशवीत होतं, वर हिरव्या पानाचं चित्र. मी दर बघितला आणि पिशवी जागेवर ठेवली. आईला सांगितलं, संपलंय म्हणाले. रेशनला गहू-तांदूळ येत होता, तो फुकट होता. साधी ज्वारीसुद्धा तेव्हा गव्हाच्या दरापुढं गेली होती.

तरी आम्ही प्रयत्न केला. काकडी आणली, मूग भिजवले, चहा बिनसाखरेचा केला. आई तो औषधासारखा डोळे मिटून प्यायची. एके दिवशी दुपारी ऑफिसात लाइट गेली म्हणून मी लवकर घरी आले. आई ओट्याला टेकून उभी होती. पातेल्यातच कालचा भात, वर तेल, मीठ, तिखट. मूठभर कालवून खात होती. मला बघून तिचा हात थांबला. तोंडात घास तसाच.

"पोट रडतंय गं," ती म्हणाली. "काकडीनं गप्प बसत न्हाय."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तिनं एक घास कालवला, माझ्यापुढं धरला. मीही सकाळपासून चहावरच होते. आम्ही दोघींनी ते पातेलं संपवलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली. आमच्या पेठेला पूर नवा नाही. पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं की काय हलवायचं हे सगळ्यांना पाठ. पण या वेळी पाणी दम न घेता चढत गेलं. दुपारपर्यंत गल्लीत पोटरीभर, संध्याकाळी कमरेएवढं. चाचीनं आपली शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे, कुराण, गॅसची टाकी सगळं आमच्याकडं वर आणून टाकलं. तिचा मुलगा पुण्याला. तो फोनवर ओरडत होता, निघ म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीची माणसं बोट घेऊन आली. धिप्पाड, कसलेली. त्यातले दोघे जिन्यानं वर आले. त्यांच्या मांड्यांवरून पाणी निथळत होतं. "चला मावशी, उचलून नेतो," एकजण म्हणाला. त्यांनी आमची बसायची प्लास्टिकची खुर्ची घेतली, आईला तीत बसवलं, दोरानं बांधलं. खुर्ची जिन्याच्या तोंडाशी आली आणि अडकली. आडवी केली, तिरकी केली. एकजण खाली पाण्यात उभा राहून पेलायला बघत होता, दुसरा वरून धरून होता. दोघं शेजारी मावत नव्हते. मग खुर्चीचा पाय कडाडला आणि आई किंचाळली, "ऱ्हाऊ दे! मला हितंच ऱ्हाऊ दे!"

"आई, जरा बसून उतरतेस का, दवाखान्याला गेलो तेव्हा उतरलीस तशी?" मी म्हटलं.

"तवा खाली जमीन होती गं."

तिनं बघितलं ते मीही बघितलं. खालच्या पायऱ्या तपकिरी पाण्यात बुडालेल्या होत्या. त्यांनी तिला परत ओढून खोलीत घेतलं. त्यातला एकजण दुसऱ्याला अगदी हळू म्हणाला, "क्रेनच लागंल की रं." ते चेष्टेत म्हटलेलं नव्हतं. तो खरंच विचार करत होता. आईनं ते ऐकलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"माडीपर्यंत पाणी कधी आलं न्हाय," दोघांतला वयानं मोठा वाकून तिला म्हणाला. "आम्ही रोज फेरी मारतो. घाबरू नका."

"हिला न्या," आई पदराआडून म्हणाली. "हिला तरी न्या."

मी जागची हलले नाही. चाचीही हलली नाही. "तू जा की," आई तिच्यावर ओरडली. "तुझं काय अडलंय हितं?"

"माझी मशीन हाय हितं," चाची म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला बसली.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही तिघी त्या खोलीत होतो. खिडकीतून बघावं तर गल्लीचा ओढा झालेला, त्यात चपला, पाट, कुणाचा तरी पिंप तरंगतोय. वास असा की जेवण जाऊ नये. आणि जेवण तर येतच होतं. बोटीवाले हाक मारायचे, आम्ही बादली दोरानं खाली सोडायचो. बिस्किटांचे पुडे, फरसाण, नूडल्स, वडापाव, पावाच्या लाद्या. कुठून कुठून लोकांनी प्रेमानं पाठवलेलं. साखर असलेल्या बाईला खाता येईल असं त्यात काहीच नव्हतं. आणि दुसरं काही नव्हतं म्हणून तेच खायचं होतं.

चाचीच्याच लक्षात आलं की आई पाणी पीत नाहीय. ओठ सुकून पांढरे पडलेले.

"अक्का, पाणी घे."

"नगं."

"का नगं? गोळ्या कशाबरोबर घेतेस?"

आई भिंतीकडं बघत म्हणाली, "प्यालो की उठावं लागतंय. खाल्लं की उठावं लागतंय. सगळं बादलीत. खाली पाणीच पाणी, आणि तू हितं."

चाचीनं तांब्या भरला, तिच्यापुढं बसली आणि म्हणाली, "माझ्या सासूचं मी सहा वर्षं केलंय. तुझं काय सोनं लागलंय? पी." आई प्यायली. नंतर मोरीतल्या खुर्चीपर्यंत तिला आम्ही दोघींनी धरून नेलं, आणि चाचीनं बादली उचलली तेव्हा आई तोंडावर हात ठेवून रडायला लागली. क्रेनच्या बोलण्यावर ती रडली नव्हती.

त्या दुपारी ती बोलत बसली. पाऊस पत्र्यावर कोसळत होता, दुसरं काही करायला नव्हतं. तिच्या लहानपणी भात संपला की घरात फक्त बियाण्याचा भात उरायचा. बांबूच्या कणगीत, वरून शेणानं लिंपून बंद केलेला. त्याला हात लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी पेरायचं काय? ती आणि तिची धाकटी बहीण कणगीला नाक लावून बसायच्या. भाताचा वास यायचा. एकदा त्यांनी काडी घालून कणगीच्या फटीतून दाणे ओढून काढले. मूठभरही नसतील. ते कच्चेच चावले. बापाला कळलं. तो मारायला उठला आणि मारायचं सोडून ओसरीवर जाऊन बसला.

"तवापास्नं," आई म्हणाली, "भांड्यात काय उरलं असलं तर मला झोप लागत न्हाय. पोट भरलेलं असू दे, तरी. डॉक्टर म्हणतोय, अर्ध्यावर उठा. अर्ध्यावर उठायचं म्हंजे काय ते मला बापाच्या घरी समजलं हाय. परत नगं."

मी इतकी वर्षं तिच्याबरोबर जेवत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला तिच्याबद्दल माया आली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी गुदमरल्यासारखंही झालं. कारण आता मी तिला कुठल्या तोंडानं घास आवर म्हणणार होते?

पाणी ओसरलं. चाचीच्या खोलीत गुडघाभर गाळ होता, भिंती छातीएवढ्या ओल्या. तिनं गाळ काढला, फिनेल टाकलं, आणि एके दिवशी वर येऊन म्हणाली, "अक्का, मला आता खाली झोप लागायची न्हाय. मशीन परत उचलायची ताकद न्हाय माझ्यात. तू खाली ये, मी वर येतो. घरमालकाशी मी बोलतो."

घरमालकाची हरकत नव्हती. भिंती वाळल्यावर एका सकाळी आई उतरली. मी एक पायरी खाली, पाठमोरी, तिचे पाय एकेक करून पायरीवर टेकवत. चाची वर, आईच्या कमरेला गुंडाळलेली जुनी साडी घट्ट धरून. मधेच आई थांबायची, घाम पुसायची, म्हणायची, "थांबा, देवाचं नाव घेतो." गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. कुणी हसलं नाही. खाली पोचल्यावर ती उंबऱ्यावर टेकली आणि दोन्ही बाजूंना मान वळवून गल्ली बघत राहिली. वरून तिला सगळ्यांचे फक्त माथे दिसायचे.

"तू लई म्हातारी झालीस की गं," ती समोरच्या बाईला म्हणाली, आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या.

आता ती वॉकर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. भिंतीला धरून थांबत थांबत. रविवारी खानावळीची मालकीण अजून रस्सा पाठवते. मी वरचा कट काढून टाकते आणि आई तोंड फिरवून बसते, ते बघवत नाही तिला. भात कमी झाला आहे, बंद झालेला नाही. वजन थोडं उतरलं. डॉक्टर म्हणाला, "छान. अजून उतरवा." गुडघे तेच आहेत.

आणि पावसाळा आला की नवीनच घोर. नदीच्या पाण्याच्या बातम्या सुरू झाल्या की चाची वरून हाक मारते, "अक्का, लागलं तर दोघी वर या!" आई खालून म्हणते, "येतो की." मग माझ्याकडं बघते. वर चढायचं कसं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. म्हणून पाणी पहिल्या दगडाला लागलं, की मी रजा टाकते, रिक्षा सांगते, आणि आम्ही कोडोलीला आत्याकडं जातो. ती राहा म्हणेल तेवढे दिवस. ऑफिसात साहेब दर वेळी विचारतात, "यंदा पण?"

या वर्षी गेलो तेव्हा आत्यानं दारातच आईला धरलं आणि खालीवर बघून म्हणाली, "किती वाळलीस गं! ही पोरगी खायाला घालत न्हाय व्हय?"

"डॉक्टरनं सांगितलंय, वन्सं," आई म्हणाली.

"डॉक्टरला काय कळतंय! आयतं खाऊन मशिनीवर पळणारी माणसं ती. बसा पानावर."

सून वाढत होती. मटण केलं होतं, आम्ही येणार म्हणून. आईच्या ताटात भाताचा ढीग पडला, त्यावर रस्सा, कटासकट, आणि या वेळी फोडीही होत्या, मोठ्या मोठ्या. आईनं ताटावर हात आडवा धरला. आत्यानं हसत हसत त्या हातावरच पळी रिकामी केली. रस्सा बोटांमधून ताटात उतरला.

आम्ही त्यांच्या घरी होतो, किती दिवस ते पावसावर होतं, आणि आत्याचं ते प्रेमच होतं. आईनं माझ्याकडं न बघता बोटं चाटली आणि जेवायला सुरुवात केली. शेवटचा दाणा पुसून घेतला तेव्हा आत्याचं समाधान झालं. "बघ," ती मला म्हणाली, "कशी जेवली!"

दुपारी सगळे आडवे झाले. आई वॉकर घेऊन ओसरीवर आली. पाऊस जरा थांबला होता, पागोळ्या गळत होत्या.

"पोट जड झालंय," ती म्हणाली. "जरा चालतो."

एका टोकाला गोठ्याची भिंत, दुसऱ्या टोकाला भाताची पोती. त्या दोहोंमधल्या जागेत ती जात-येत राहिली, ओठ दाबून, आणि मी तिच्या मागं मागं, हात पुढं धरून, पडली तर असावा म्हणून.